फाउंटन दोन

त्या माणसाला मी उलट्या दिशेला पाठवलं, आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ऑफिसच्या पँट्रीत चहाच्या मशीनखाली कप धरून उभी होते. सकाळी पावणेअकराच्या सुमाराची गोष्ट. डी. एन. रोडच्या कमानींखालून नेहमीसारखी तरातरा चालले होते, गाडी लेट झालेली, कानात इअरफोन, फोनवर सेक्शनमधली मैत्रीण, साहेब येऊन बसलेत का एवढंच तिला विचारत होते. एका खांबाशी तो माणूस उभा होता. साठीच्या पुढचा, पांढरा लेंगा, सदरा, डोक्यावर टोपी, हातात नायलॉनची पिशवी आणि पिशवीतून अर्धी बाहेर आलेली प्लॅस्टिकची फाइल. येणाऱ्याजाणाऱ्यांत कोणाला विचारावं हे तो बराच वेळ ठरवत असणार, कारण मी दिसल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला, बहुतेक माझ्या साडीमुळे. "ताई, हुतात्मा चौक कुठशी येईल? वकीलसाहेबांनी अकराला बोलावलंय." मी एका कानातला इअरफोन काढला, एकाच, आणि म्हणाले, "मागे राहिलं काका, परत स्टेशनकडे जा, मोठं मैदान लागेल." तो म्हणाला, "लई उपकार झाले," आणि वळला. चालायला लागला.

हुतात्मा चौक तिथून दोनशे पावलांवर होता. समोर.

पँट्रीत कप भरून वाहायला लागला तेव्हा मला कळलं की मी त्याला आझाद मैदानावर पाठवलंय. हुतात्मा म्हटल्यावर डोक्यात आंदोलन आलं असणार, आणि आंदोलन म्हटलं की हल्ली मुंबईत आझाद मैदान, बास, तिथे आत काही विचार वगैरे झालाच नाही. एकोणीस वर्षं मी या रस्त्याने रोज जाते. रोज त्या चौकातून वळून ऑफिसला येते. घरी, मैत्रिणींत, टॅक्सीवाल्याशी, कुरियरवाल्याशी बोलताना त्या जागेला फक्त फाउंटन म्हणते. त्याने फाउंटन विचारलं असतं तर झोपेतही हात बरोबर दिशेला गेला असता. खाली उतरून शोधायला जावं असं एकदा वाटलं, पण तोवर अकरा वीस झाले होते, आणि खरं सांगायचं तर साहेब आले होते.

ही गोष्ट विसरायला हवी होती. मुंबईत लोक रोज चुकीचे रस्ते सांगतात आणि ऐकतात, पुढच्या पानवाल्याने त्याला बरोबर सांगितलंही असेल. पण ती टोचत राहिली, आणि त्याचं एक कारण घरातलं आहे. आमचे बाबा फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते, आणि त्यांनी आयुष्यभर एक व्रत असल्यासारखं त्या जागेला हुतात्मा चौकच म्हटलं. मी आठ वर्षांची असताना ते मला फुटपाथवरची जुनी पुस्तकं बघायला घेऊन जायचे, बसमध्ये कंडक्टरला म्हणायचे, "दोन हुतात्मा चौक." कंडक्टर तिकिटाला टिचकी मारत म्हणायचा, "फाउंटन दोन." बाबा परत म्हणायचे, "हुतात्मा चौक." एक फुल एक हाफ, असा तिसराच मुद्दा काढून कंडक्टर तो विषय मिटवायचा. मला लाज वाटायची. आपले वडील बसमध्ये भांडतात याची जी लाज मुलांना वाटते ती. खाली उतरल्यावर ते मला आधी ती शेतकरी आणि कामगाराने मिळून मशाल धरलेली मूर्ती दाखवायचे, मग कारंजं, मग पुस्तकं, हा क्रम कधी चुकला नाही. माझं सगळं लक्ष पुस्तकांकडे. ओळीने मांडलेली, उन्हाने पाठ पांढरी पडलेली, उघडली की नाकात जाणारा तो ओलसर, गोडूस, वाळवीचा वास. अजूनही कुठे जुनं पुस्तक हुंगलं की मला आधी डिझेलचा धूर आठवतो, कारण तिथे दोन्ही एकदम यायचं.

आजोबा मात्र फाउंटनच म्हणायचे. फौंटन. आजोबा ट्रामवर कंडक्टर होते, परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायचे, आणि फोर्टाला कोट म्हणणाऱ्या पिढीतले. बाबा त्यांना सुधारायला गेले की ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्रासाठी विधानसभेकडे निघालेला मोर्चा फाउंटनला अडवला, गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली, हे शाळेत शिकायच्या आधी मला घरात माहीत होतं, पण ते बाबांकडून. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांना आठवते ती फक्त लावून घेतलेली खिडकी आणि आईने दोनदा गरम केलेली आमटी. आजोबा ड्यूटीवर होते, पण तिथे नाही, त्यांची गाडी गावात दुसरीकडेच कुठेतरी होती. ते या दिवसाबद्दल एकच गोष्ट सांगायचे आणि त्या गोष्टीत गोळीबार नसायचाच. बातमी आली, गाडी थांबली, लोक आपणहून उतरायला लागले. एका माणसाने चार आणे दिले होते, तिकीट एक आण्याचं, आजोबा थैलीत सुट्टे चाचपत होते तेवढ्यात तो उतरून पळाला. कुठल्या दिशेने पळाला ते आजोबांनी पाहिलं होतं. कोटाच्या दिशेने. ते तीन आणे आजोबांनी हिशेबात भरले नाहीत, खर्चही केले नाहीत. तपकिरीच्या एका रिकाम्या डबीत ठेवले. १९५७ साली आणे गेले, नवे पैसे आले, डबी तशीच. "कुणाचं तरी आपल्याकडं राहिलंय," एवढंच म्हणायचे. ती डबी आता कुठे आहे विचाराल तर चाळ सोडून डोंबिवलीला येताना गेली, बाबा म्हणतात भावाकडे असेल, काका म्हणतात तुमच्याकडेच होती.

तर असं हे. ज्याने तो काळ अंगावर घेतला तो फाउंटन म्हणत राहिला, ज्याने खिडकीच्या आतून तो काळ ऐकला त्याने हुतात्मा चौकाचा आग्रह धरला, आणि मी दोन्ही नावं इतकी वापरून गुळगुळीत केली की एक माणूस समोर उभा राहून पत्ता विचारत होता तर मला ते नाव गावाचं आहे की गोष्टीचं आहे हेच कळलं नाही.

नंतर आठवडाभर मी येताजाता त्या कारंज्याकडे बघायला लागले. म्हणजे खरंच बघायला. खरं तर ते या चौकासाठी नव्हतंच. भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी करायला घेतलं होतं, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाची बागप्रेमी मंडळी होती त्यांनी. म्हणून वर फुलांची रोमन देवी, फ्लोरा. बाग सोडून ती आली भर रस्त्यात. १८६४ साल. अमेरिकेत यादवी चाललेली, तिकडचा कापूस बंद, त्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत पैसा नुसता उतू चाललेला, आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअरने किल्ल्याच्या भिंती पाडायला काढलेल्या. जिथे कारंजं उभं आहे तिथेच कोटाचा पश्चिमेकडचा दरवाजा होता, आत सेंट थॉमसचं चर्च म्हणून तो चर्चगेट. कारंज्याला आधी फ्रिअरचंच नाव द्यायचं घाटत होतं, ते राहिलं, बाईचं नाव चिकटलं. खर्च सत्तेचाळीस हजार रुपये, त्यातला मोठा वाटा कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी शेठचा. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथचं, आणि दगड पोर्टलंडचा, इंग्लंडातून जहाजाने आणलेला. काळ्या कातळाच्या देशात एवढा दगड समुद्रातून ओढून आणायचा म्हणजे कमालच. आपल्याकडे दगडाची काय कमी होती का? पण त्यांना त्यांच्या गावासारखं पांढरं हवं होतं. मग आपल्या लोकांनी पुढे त्याच पांढऱ्यावर आणखी पांढरा ऑइल पेंट फासला. थरावर थर. मी लहानपणापासून जी फ्लोरा बघितली ती ही, रंग फासलेली, लग्नाच्या हॉलबाहेरच्या प्लॅस्टरच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत, जिचं नाक कुठे संपतं आणि ओठ कुठे सुरू होतात ते कळायचं नाही. दगडाला श्वास घेता येत नाही म्हणे अशाने, आतला ओलावा आतच राहतो आणि दगड पोखरतो.

आणि पाणी? मला पाणी आठवतच नाही.

म्हणजे कधीतरी सुरू असेलही, पण माझ्या डोळ्यांसमोर येतं ते कोरडं कारंजं, टाकीत पानं, चिप्सची पाकिटं, एखादी पाण्याची बाटली, आणि भोवती गोल गोल फिरणाऱ्या टॅक्सी. फाउंटन या शब्दाचा अर्थ कारंजं होतो हे मला बरंच उशिरा, इंग्रजी शाळेतल्या एका मावसभावाने सांगितल्यावर कळलं. तोवर फाउंटन म्हणजे जिथे पुस्तकं मिळतात ती जागा. हे जरा विचित्र वाटेल, पण या गावात पाण्याचं असंच आहे. धोबी तलाव म्हणा, तिथे तलाव कुठाय? सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी, खारा टँक, पायधुनी, सगळी ओल्या नावांची कोरडी गावं. गोवालिया टँकवर तर मैदान आहे, ऑगस्ट क्रांतीचं, खाली तलाव पुरलाय. बोरीबंदरला बंदर नाही, चर्चगेटला गेट नाही, गेट पडलं आणि नाव दहा मिनिटं पश्चिमेला सरकून स्टेशनवर जाऊन बसलं. आपण सकाळ-संध्याकाळ ही नावं घेत गर्दीतून घामाघूम होऊन जातो. पूर्वी विहिरी आणि तलाव हेच पाणी होतं, १८६०ला विहारचं पाणी नळातून आलं, मग हळूहळू तलाव म्हणजे डासांचं घर, बुजवा. विहारचं पाणी येऊन चार वर्षं होतात न होतात तोच चौकात शोभेसाठी पाणी उडवायचं कारंजं, म्हणजे तेव्हाच्या लोकांना ते केवढं चैनीचं वाटलं असेल. घागर घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला तर नक्कीच. माझा सगळा राग तिच्या बाजूने आहे, कारण डोंबिवलीत आमच्या सोसायटीला दिवसातून पाऊण तास पाणी येतं, तेही येईल तेव्हा.

फाउंटनपासून चर्चगेटकडे जायला लागलं की चारपाच मिनिटांवर, क्रॉस मैदानाच्या कडेला, एक विहीर आहे. भिखा बेहराम विहीर. १७२५ सालची, कारंज्यापेक्षा तब्बल १३९ वर्षांनी मोठी. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं लागलं, म्हणून पारशी लोक तिला मानतात, तिथे दिवे लावतात, प्रार्थना म्हणतात. आत फक्त पारशांना जाता येतं, बाहेर पाटी आहे. मी गेली कित्येक वर्षं पावसात छत्री सावरत तिच्या अंगणावरून गेलेय, चंदनाचा वास आला की पाऊल आपोआप हळू पडतं. कुणीतरी वाटसरूंसाठी खणलेली विहीर, पुढे तिचं देवघर झालं. आणि कुणीतरी शोभेसाठी बांधलेलं कारंजं, पुढे त्याच्याशेजारी माणसं पडली. मला या दोन्हींत डावंउजवं करता येत नाही. विहिरीत पाणी आहे आणि मला आत जाता येत नाही. कारंज्याशी मी कधीही जाऊ शकते, पण तिथलं पाणी पिण्याचं नाही, तेच तेच पाणी पंप वर फेकतो आणि खाली पडतं.

मध्यंतरी कारंज्याची मोठी दुरुस्ती झाली ते आठवत असेल. दोनेक वर्षं पत्र्यांच्या आड होतं. विकास दिलावरी हे कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट, त्यांच्या देखरेखीखाली तो ऑइल पेंट काढला, थरामागून थर, आतून तो मूळचा पोर्टलंड दगड निघाला. खोदकाम करताना जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले. ही बातमी फोटोसकट पेपरात आली त्या रविवारी मी बाबांना दाखवली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून, पेपर नाकाला लावून तो फोटो पाहिला. मग मोबाइलवर मोठा करून मागितला. दोन बोटांनी फोटो ताणत ताणत ते रुळाच्या इतके जवळ गेले की शेवटी स्क्रीनवर नुसते तपकिरी ठिपके राहिले. "अण्णांच्या गाडीचे असतील," म्हणाले. मी म्हटलं, ट्राम १९६४ला बंद झाली, कितीतरी गाड्या गेल्या असतील त्यावरून. "असतील ना. त्यातली एक अण्णांची." यावर काय बोलणार. त्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून तीन आण्यांची गोष्ट काढली आणि पहिल्यांदाच तिला एक शेपूट जोडलं, की आजोबा रिटायर झाल्यावरही कधी कोटात गेले तर ती डबी खिशात घेऊन जायचे. खरं की खोटं देव जाणे. वय झालं की माणसं आठवणीला रंग देतात, आणि मी तो काढायच्या भानगडीत पडत नाही.

२०१९च्या जानेवारीत पत्रे निघाले, कारंजं सुरू झालं, रात्री दिवे लागले. फेसबुकवर सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकला. फ्लोराला नाक होतं! कपड्याला चुण्या होत्या. खाली मासे, शिंपले, कोण कोण ते विचित्र प्राणी, एवढी गर्दी त्या कारंज्यावर आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सुंदर आहे, यात वादच नाही. आणि सुंदर आहे म्हणतानाच मनात जरा अडतं, कारण ते सुंदर म्हणायला वळलं की पाठ मशालीकडे होते. आमच्या ऑफिसातला एक नवा मुलगा हेरिटेज वॉकला जातो, तो फ्लोराबद्दल वीस मिनिटं बोलू शकतो, नॉर्मन शॉ वगैरे सगळं, आणि मूर्तीत मशाल कोणी धरलीय विचारलं तर म्हणाला सैनिक असतील ना. त्याला हसण्याचा अधिकार मला आता उरलेला नाही. मी तर पत्ताच चुकवला. १०६ माणसं त्या चळवळीत गेली असं आपण म्हणतो, कोणी १०५ म्हणतं, कोणी १०७. २१ नोव्हेंबरला तिथे फुलं वाहिली जातात, गाड्या लागतात, आम्हाला ऑफिसला जायला वळसा पडतो आणि त्या दिवशी मी वैतागते, हेही लिहून टाकते, एवढं लिहिलंच आहे तर.

परवा मुद्दाम साडेपाचला खाली उतरले. लोकल सोडली एक, म्हणजे दोन. पाऊस नुकताच उघडला होता, फरश्या काळ्याभोर ओल्या, ओरिएंटल बिल्डिंगच्या वरच्या मजल्यांवर ते पिवळं, खोटं वाटणारं ऊन. कारंजं चालू होतं. वारा फिरला की तुषार चष्म्यावर येत होते. एका डिलिव्हरीवाल्या पोराने बाइक कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि साखळीवरून वाकून तळवे पुढे केले, नुसते, पाणी अंगावर यावं म्हणून, तर कुठूनतरी शिट्टी वाजली, वॉचमन हात हलवत आला. पोरगा हसला, ओला हात तोंडावरून फिरवला आणि गेला. मी कारंज्याला वळसा घालून पलीकडे मूर्तीपाशी गेले. शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या मधली ती मशाल, तिच्यावर एक कबुतर. सदऱ्यातली, टोपीतली माणसं तिथून जाताना दिसली की मी बघत होते, फाइल आहे का हातात. वेडेपणाच. महिना होऊन गेला त्याला. त्याची तारीख पडली असेल, पुढची मिळाली असेल, वकिलाने सुनावलं असेल की गावाकडच्या माणसांना वेळेची किंमत नाही. आणि माझ्याबद्दल तो गावी जाऊन काय सांगत असेल? कदाचित चांगलंच. साडीतल्या एका ताईने रस्ता सांगितला म्हणून.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. अंधार पडायच्या आत मी कुठवर पोचले हे विचारायला ते रोजच करतात.

"कुठे आहेस?"

"हुतात्मा चौकात," मी म्हणाले, जरा जोरातच, बाजूने बस जात होती.

"कुठे?"

"हुतात्मा चौक, बाबा."

पलीकडे जरा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाले, "म्हणजे फाउंटनला ना?"

मी हो म्हटलं.

"पाणी आहे का?"

"आहे की. चालू आहे मस्त."

"इकडे आज आलंच नाही," बाबा म्हणाले. "येताना बिसलरीचा कॅन सांगून ये खालच्या दुकानात."